खडावा न काढणारा माणूस

मानपत्राची फ्रेम बबल रॅपमधून बाहेर निघाली आणि शेवड्यांच्या घरात भांडण सुरू झालं. रविवारचे सकाळचे आठही वाजले नव्हते. बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. अकराला स्टॅनमोरच्या हॉलमध्ये गुरुजी येणार, बाराला एक्याऐंशी दिव्यांनी बाबांचं औक्षण, आणि लगेच दीडशे माणसांसमोर मानपत्राचं वाचन. वाचणार आशा, कारण लिहिलंही तिनंच. मिरजेला शाळेत असताना निबंधात तिचा पहिला नंबर आला होता आणि त्याची शिक्षा ती लंडनमध्ये गेली सव्वीस वर्षं भोगत होती. महाराष्ट्र मंडळातलं कुणीही साठीचं, पंचाहत्तरीचं झालं की शेवड्यांच्या सुनेला, म्हणजे आशाला, फोन ठरलेला. दिवसभर दवाखान्यात पेशंट तपासून आली तरी चार ओळी लिहून द्यायच्याच.

सासरे मात्र तिचे स्वतःचे होते. त्यांच्यासाठी तिनं जीव ओतून लिहिलं होतं. एक शब्द सोडून. तो तिच्या नवऱ्यानं, उदयनं, नंतर घातला होता.

बाबा जिना उतरून आले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डायनिंग टेबलावर ठेवलेल्या फ्रेमपुढे उभे राहिले.

"'ज्येष्ठ कन्सल्टंट सर्जन'," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे कोण गृहस्थ?"

"तुम्ही, बाबा," उदय हसत म्हणाला.

"मी कन्सल्टंट कधी झालो?"

उदयचं हसू तसंच राहिलं. ओट्याशी उभ्या असलेल्या आईंनी गॅस बारीक केला. शशिधर शेवडे दक्षिण किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलमध्ये एकतीस वर्षं ऑपरेशनं करत होते आणि कन्सल्टंटच्या एक पायरी खालीच, असोसिएट स्पेशालिस्ट म्हणूनच रिटायर झाले होते. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोलत कुणी नसे.

"असोसिएट स्पेशालिस्ट म्हटलं तर कुणाला काय कळणार आहे?" उदय म्हणाला. "कामं तुम्ही कन्सल्टंटचीच केलीत ना? Technically काहीही असो."

"मग नुसतं सर्जन लिहायचं होतंस."

"बाबा, प्लीज. गोल्ड लेटरिंग आहे. आज संडे. आता कोण बदलून देणार?"

साउथहॅम्प्टनहून आदल्या दिवशीच आलेली नणंद, सुचेता, टोस्टला लोणी लावता लावता भावाच्या बाजूनं मैदानात उतरली. ती ॲनेस्थेटिस्ट. समोरच्याला कुठे टोचायचं ते तिला बरोबर कळतं. "सगळं मंडळ तुम्हाला चाळीस वर्षं कन्सल्टंटच म्हणतंय, बाबा. तुम्ही एकदा तरी कुणाला करेक्ट केलंत?"

बाबांना ते लागलं. आशाला दिसलं.

"नाही केलं," ते म्हणाले. "ती चूक माझीच. पण आता एक्याऐंशीव्या वर्षी ती फ्रेम करून भिंतीवर लावायची नाही. हे वाचलं जाणार असेल तर मी पाटावर बसणार नाही. तुम्ही पाटावर फ्रेम ठेवा आणि तिलाच ओवाळा."

ते वर निघून गेले. पायऱ्या चढताना कठड्याला हात लावला नाही, यावरून राग किती आहे ते सगळ्यांना समजलं.

"हे सगळं त्या जपान्यामुळे," सुचेता म्हणाली. "वरदानं त्यांच्या डोक्यात भरवलंय."

त्या जपान्याचं नाव निघालं की आशा अजूनही विषय बदलायची. तिची एकुलती एक लेक वरदा एडिनबराला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि एका ईस्टरच्या सुट्टीत घरी येऊन म्हणाली की मी मेडिसिन सोडलं, आता जपानी शिकते. तीन पिढ्यांचं डॉक्टरांचं घर. उदयनं दोन महिने बोलणं टाकलं, आशानं रडून घेतलं. आणि वरदानं प्रबंधासाठी निवडला कोण, तर दोनशे वर्षांपूर्वीचा जिन्पेई नावाचा एक खालच्या दर्जाचा सामुराई. राजा नाही, सेनापती नाही. कुठल्याशा छोट्या संस्थानाच्या धान्याच्या कोठाराचा पहारेकरी. त्यानं लिहिलेली रोजनिशी. आशाला वाटायचं, निदान एखादा मोठा माणूस तरी निवडायचा! घरात वरदाच्या बाजूनं एकटे आजोबा उभे राहिले. गेले आठ महिने रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर ती त्यांना एक पान मराठीत वाचून दाखवी आणि ते तिचं मराठी दुरुस्त करत.

"तू जा वर," आई आशाच्या हातात चहाचा कप देत म्हणाल्या. "तुझं ऐकतील. माझं त्यांनी पंचावन्न वर्षांत ऐकलेलं नाही."

आशा कप घेऊन वर गेली. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते आणि समारंभासाठी घरी आलेली वरदा पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन वाचत होती.

"'पाचवा महिना, अकरावी तारीख. पाऊस. सकाळी वांगीचे रोपं लावले.'"

"वांग्याची रोपं लावली."

"'लावली. दुपारपर्यंत सात छत्र्यांना कागद चिकटवला. बायको म्हणाली, तुमच्या तलवारीपेक्षा तुमचा खळीचा ब्रश जास्त चालतो. खरंच आहे. तलवार मी वर्षात दोनदा बाहेर काढतो, गंज पुसायला.'"

बाबा खुदकन हसले. आशालाही हसू आलं आणि तिनं ते लगेच आवरलं. दारातच ती पकडली गेली.

"ये, ये. चहा दे आणि बस," बाबा म्हणाले. "सामुराई छत्र्या का बनवतो, माहितीये तुला? तीन दिवसांतून एकदा पहारा. मिळणारा तांदूळ पुरायचा नाही. मग घरी बसून छत्र्या. आणि गंमत बघ, छत्र्या बनवणाऱ्या या माणसालाच पावसात भिजत गुडघ्यावर बसायला लागायचं. वरदा, खडावांचं सांग हिला."

"मम्मा, तिथे एक रूल होता," वरदा जरा सावधपणे म्हणाली. आईला जिन्पेईबद्दल काही सांगायची तिची ही पहिलीच वेळ होती. "खालच्या रँकचे लोक रस्त्यावर जाताना वरच्या रँकचा कोणी आला, तर यांनी वुडन सँडल्स... आजोबा काय म्हणतात..."

"खडावा."

"खडावा काढायचा आणि चिखलात गुडघ्यावर बसायचं. Even in heavy rain. जिन्पेई बावीस वर्षं ते केला. मग एक दिवस नाही केला. तो वरचा माणूस त्याच्यापेक्षा वीस वर्ष लहान होता. जिन्पेईनं वाकून नमस्कार केला, पण खडावा काढला नाही. म्हणाला, मान देतो, मोजे चिखलाला देणार नाही."

"मग?"

"त्याला हाउस अरेस्ट. घराच्या गेटवर दोन बांबू क्रॉस करून लावले. थर्टी डेज. तो काय करतो? रोज छत्र्या बनवतो आणि रोज अर्ज लिहितो, हा रूल काढून टाका म्हणून. 'आज पाऊस. साठावी छत्री झाली. अर्ज विसावा. मुळा चांगला आलाय.' It's so ordinary, मम्मा. तो हीरो नाहीये. त्याचे दात दुखतात. बायकोशी भांडतो. आणि तरी तो ऐकत नाही."

"पुढे काय झालं?" आशानं विचारलं आणि स्वतःच चकित झाली.

"ते आजोबांना पण नाही माहिती. मी काल संपवलं." वरदानं पान पुढे सरकवलं आणि या वेळी ती सावकाश, शब्द जपून वाचू लागली. "'सातवा महिना, दुसरी तारीख. जोराचा पाऊस. आज पहाऱ्याला निघालो तर पुलावर माझ्या मागे आवाज. वळून बघितलं. तोराकिची, म्हातारा हाचिया, गल्लीतले सगळे. एकेचाळीस माणसं. सगळ्यांच्या पायात खडावा. पुलावर इतका आवाज झाला की बदकं उडाली. समोरून कारभारी आले. आम्ही सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. खडावा कुणी काढल्या नाहीत. कारभारी पुष्कळ वेळ उभे राहिले आणि निघून गेले. संध्याकाळी वांग्यांना काठ्या लावल्या.'"

बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "शाबास!"

"आणि नियम?" आशा म्हणाली.

"मागे घेतला. ओन्ली पावसाच्या दिवसापुरता. पण तिथे निम्मं वर्ष पाऊसच असतो."

"मग त्याला बढती मिळाली असेल."

"नाही. शेवटपर्यंत कोठाराच्या त्याच गेटवर."

बाबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला आणि मग एखाद्या पेशंटची हिस्टरी सांगावी तसं सरळ सांगायला लागले.

"आमच्या थिएटरबाहेर एक फळा होता. रोज सकाळी लिस्ट लागायची. पेशंट, ऑपरेशन, सर्जन. सर्जनच्या खाली कायम कन्सल्टंटचं नाव. तो गोल्फला गेलेला असला तरी त्याचंच. हर्निया मी करायचो, पोट मी उघडायचो, पेशंट दगावला तर नातेवाइकांसमोर मी उभा राहायचो. फळ्यावर मी कुठेच नाही. एक दिवस खडू घेतला आणि लिहिलं, शेवडे. सिस्टरनं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. चौदा महिने, आशा. ती पुसायची, मी लिहायचो. कमिटीनं बोलावून सांगितलं, This will be remembered, Mr Shevade. आणि ठेवलं लक्षात. नऊ वेळा कन्सल्टंटच्या जागेला अर्ज केला. एकदाही इंटरव्ह्यूला बोलावलं नाही."

"आणि फळा?"

"आपला पद्माकर टिळवेही लिहायला लागला. मग ओकोरो, मग ग्लासगोची एक मॅके म्हणून होती ती. शेवटी सिस्टरनंच कंटाळून एक नवी रेघ ओढली. वर कन्सल्टंट, खाली ऑपरेटिंग सर्जन." त्यांनी चष्मा काढला. "तिथे मी माझ्या नावासाठी भांडलो. आणि इथे मंडळात दुसऱ्याचं पद लावून मिरवलो."

"पण का, बाबा?"

"एका दिवाळीला कुणीतरी माइकवरून तशी ओळख करून दिली. उदय बारा वर्षांचा, पहिल्या रांगेत. त्याचा चेहरा असा फुलला, की माझ्यानं काही बोलवेना. त्या दिवशी गप्प बसलो ते बसलोच."

आशाला या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली होती. सासऱ्यांचा डायबेटिस, त्यांची आवडती भाजी, त्यांच्या बुटांचा नंबर तिला पाठ होता, आणि हे तिनं आज ऐकलं. ते सांगायला त्यांना एक परका पहारेकरी लागला आणि त्याला घरात आणणारी पोरगी लागली. तिला लेकीकडे बघवेना.

"तुम्ही पाटावर बसा," ती म्हणाली. "मी बघते."

बघते म्हणाली खरी, पण कारमध्ये मागच्या सीटवर फ्रेम आणि मांडीवर निरांजनांचा ट्रे घेऊन नवऱ्याच्या शेजारी बसल्यावर काय करायचं ते तिलाच सुचेना. उदय सिग्नलला थांबला की स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा.

"मला त्यांची लाज वाटते असं वाटतंय ना तुला?" तो अचानक म्हणाला.

"तसं नाही म्हटलं मी."

"I know exactly what he was. सतराव्या वर्षी कळलं मला. त्यांचं पत्र उघडलं चुकून, नऊ नंबरचं रिजेक्शन." सिग्नल हिरवा झाला. "मी कन्सल्टंट झालो तेव्हा सगळ्यात आधी काय मनात आलं सांगू? की हे आधी त्यांना मिळायला हवं होतं. आशा, लोक कीव करतील. दीडशे माणसं, अरेरे बिचारा म्हणतील. त्यांची कुणी कीव केलेली मला चालणार नाही."

"उदय, फळ्याचं कधी सांगितलं त्यांनी तुला?"

"कसला फळा?"

तेवढ्यात हॉल आला. दारात मंडळाचे अध्यक्ष गुलाबपाण्याची झारी घेऊन उभे होते, आणि बोलणं तिथेच राहिलं.

एक्याऐंशी निरांजनं पेटली तेव्हा फायर अलार्म वाजू नये म्हणून केअरटेकरनं सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. बाबा सोवळं नेसून, उपरणं पांघरून पाटावर बसले. आईंनी ओवाळलं, सुचेतानं ओवाळलं, मंडळातल्या बायकांची रांग संपता संपेना. बाबा प्रत्येकीला हात जोडत होते, पण मधूनमधून त्यांची नजर आशाला शोधत होती. मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "आता डॉक्टरांच्या सूनबाई मानपत्राचं वाचन करतील."

उदय फ्रेम धरून तिच्या शेजारी उभा राहिला. आशा वाचू लागली. जन्म, सांगलीचं कॉलेज, एकाहत्तर साली एका सुटकेसनिशी हीथ्रोला उतरणं, पत्नी सुलक्षणाबाईंची साथ. आवाज व्यवस्थित लागला होता. मग ती त्या ओळीवर आली. सोनेरी अक्षरं चांगली ठसठशीत होती. ती थांबली.

उदयनं तिच्याकडे बघितलं आणि त्याला समजलं. "आशा, नको," तो पुटपुटला.

"इथे एक शब्द चुकीचा छापलाय," आशा माइकमध्ये म्हणाली. "इथे लिहिलंय कन्सल्टंट सर्जन. माझे सासरे कन्सल्टंट नव्हते. ते असोसिएट स्पेशालिस्ट होते. एकतीस वर्षं. आणि ते तसेच का राहिले, हे मला आज सकाळी कळलं."

तिनं फळ्याचं सांगितलं. निबंधात पहिला नंबर आणणारी भाषा तिनं घरीच ठेवली होती. खडू, सिस्टर, चौदा महिने, नऊ अर्ज. नंतर तिनं खडावांचं सांगितलं, चिखल, बांबू, साठ छत्र्या आणि पुलावरची एकेचाळीस माणसं. "हा सामुराई आमच्या घरी माझ्या मुलीनं आणला," ती म्हणाली. "ती मेडिकल सोडून हे शिकायला गेली तेव्हा मी घरभर रडत फिरले. मी चुकले, वरदा. सगळ्यांसमोर सांगते. तुझा अभिमान वाटतो मला."

मागच्या बाजूला पानं मांडणारी वरदा हातात पत्रावळ्या घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

कुणी टाळ्या वाजवेना. उदय फ्रेम धरून खाली बघत होता. उघड्या खिडकीतून बस गेलेली ऐकू आली. आशाला वाटलं, संपलं, आता हेच ते अरेरे.

तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली. डॉक्टर टिळवे काठीवर जोर देऊन उठले. वय त्र्याऐंशी, अंगात थ्री-पीस सूट.

"मी पद्माकर टिळवे," ते माइकशिवायच ओरडले. "मंडळाच्या डिरेक्टरीत माझ्यापुढे कन्सल्टंट छापलंय. ते खोटं आहे. स्टाफ ग्रेड! बावीस वर्षं! आणि शशीनंतर त्या फळ्यावर दुसरं नाव माझं होतं!"

बाबा पाटावर बसल्या बसल्या हसले. डावीकडून एक पांढऱ्या केसांची बाई उठली. "डॉक्टर मनीषा गुर्जर. क्लिनिकल असिस्टंट. कायमची." मग भिंतीजवळून कुणीतरी. मग पहिल्या रांगेतून दोघं एकदम, एकमेकांकडे आश्चर्यानं बघत, कारण दोघंही तीस वर्षं एकमेकांना कन्सल्टंट समजत आले होते. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आमचे हे गेले गेल्या वर्षी. असते तर उभे राहिले असते. म्हणून मी राहते." एकेक खुर्ची मागे सरकत होती, एकेक म्हातारा आवाज आपली खरी जागा सांगत होता, आणि प्रत्येकाला आता जोरात टाळ्या पडत होत्या. सुचेता डोळे पुसत उभे राहिलेले मोजत होती. सतरा झाले, अठरा झाले. कीव कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. कित्येक वर्षांचं ओझं उतरवून आलेली माणसं असतात ना, तशी ती ताठ उभी होती.

उदयनं फ्रेम टेबलावर ठेवली. आशाला वाटलं तो निघून जाणार. त्यानं हात पुढे केला आणि तिच्याकडून माइक घेतला. मग हॉलकडे तोंड करून उभा राहिला.

"मी उदय शेवडे," तो म्हणाला. "मी बऱ्याच ठिकाणी वडिलांची खोटी ओळख करून दिलीय. आज खरी करून देतो."

तो पाटाकडे वळला, गुडघे टेकले आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. माइक हातातच राहिला होता, त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलला ऐकू आलं.

"फळ्यावर नाव लिहिणाऱ्या असोसिएट स्पेशालिस्ट शशिधर शेवड्यांचा मी मुलगा."